हाकेला ओ

पोपट पाळायचा विचार तुमच्या मनात असेल, किंवा पाळलेला पोपट ओरडून ओरडून घर डोक्यावर घेत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. दोन्ही नसेल तरी वाचायला हरकत नाही. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

आपल्या डोक्यातला पोपट ठरलेला असतो. हिरवा अंगरखा, गळ्यात काळा-गुलाबी कंठ, समोर मिरची किंवा पेरूची फोड, आणि ‘मिठू मिठू’. आजोळी कुणाच्या तरी ओसरीवर तो पिंजरा टांगलेला आपण पाहिलेला असतो. आता भारतात तो कंठवाला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत दुकानात मिळणारे पोपट मुळात दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या जातींचे असतात, बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेले. जंगलात पकडलेले पक्षी इथे आणून विकण्यावर १९९२च्या कायद्याने कडक बंधनं आली. पण पिंजऱ्यात जन्मला म्हणून पक्ष्याच्या अंगातलं रान जात नाही. कुत्र्याला माणसाच्या सोबतीची हजारो वर्षांची सवय आहे. पोपटाच्या मागच्या दोन-चार पिढ्याच काय त्या आपल्या घरात आल्या. तो अजून थव्यातलाच पक्षी आहे. थव्यात जे करायचं, तेच तो तुमच्या दिवाणखान्यात करतो.

माझ्याकडचा पक्षी ‘सन कन्युअर’ जातीचा. आकाराने मैनेहून थोडा मोठा, अंगावर पिवळ्या-केशरी रंगाची उधळण, पंखांच्या टोकांना हिरवा-निळा. मूळ गाव गयाना आणि उत्तर ब्राझील. तिथे आता हे पक्षी फार कमी उरले आहेत. मी शिकागोत पोस्टडॉक करते. आमच्या प्रयोगशाळेतला एक सहकारी नोकरी लागून दुसऱ्या देशात गेला आणि जाताना सहा वर्षांचा हा पक्षी पिंजरा, खाणं, डॉक्टरांचे कागद यांच्यासकट माझ्याकडे देऊन गेला. नाव आधीपासूनच मँगो. आईने व्हिडिओ कॉलवर पाहताक्षणी त्याचा ‘आंब्या’ करून टाकला.

आंब्या दिसायला जितका गोड, तितकाच आवाजाने तिखट. सन कन्युअरचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. डेसिबलचा हिशेब सरळ नसतो. दहाने आकडा वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्यामुळे ‘गप्पांपेक्षा चाळीस डेसिबल जास्त’ याचा अर्थ दहा हजारपट तीव्र. दीडशे ग्रॅमसुद्धा वजन नसलेल्या जिवाचा हा प्रताप. मी स्वयंपाकघरात गेले की सुरू. न्हाणीघराचं दार लावलं की सुरू. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की पार जिन्यापर्यंत. दोन महिन्यांत इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं: शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत, तीस दिवसांत आवाज आटोक्यात आणा, नाहीतर पक्षी दुसरीकडे हलवा.

पोस्टडॉकचं आयुष्य कसं असतं ते तुमच्यातल्या अनेकांना माहीत आहे. करार एकेका वर्षाचा, व्हिसा त्या कराराला बांधलेला, आणि जानेवारीत शिकागोत भाड्याचं घर बदलायचं म्हणजे काय ते विचारू नका. दुसरा पर्याय म्हणजे आंब्याला पोपटांच्या निवाऱ्यात सोडणं. लोक पोपट तिथे आणून सोडतात, त्यामागे ओरडणं हे एक नेहमीचं कारण असतं. सहा वर्षांत त्याचं एक घर सुटलंच होतं. हे पक्षी नीट सांभाळले तर वीस-पंचवीस वर्षं सहज जगतात. दर दोन-तीन वर्षांनी नवं घर, नवी माणसं, नवा पिंजरा, हे त्याच्या वाट्याला यावं असं मला वाटेना. माझं शिक्षण प्रथिनांच्या रसायनशास्त्रातलं, पक्ष्यांचं नव्हे. तरी हातात तीस दिवस होते आणि विद्यापीठाचं ग्रंथालय होतं. वाचायला बसले.

वाचताना पहिल्यांदा भेटला अलेक्झांडर विल्सन. स्कॉटलंडमधल्या पेझली गावचा हा विणकर १७९४ मध्ये अमेरिकेत आला आणि पुढे इथल्या पक्ष्यांवर नऊ खंडांचा ग्रंथ लिहून अमेरिकी पक्षिशास्त्राचा एक जनक ठरला. त्या काळी अमेरिकेच्या पूर्व भागात तिचा स्वतःचा पोपट होता, कॅरोलिना पॅराकीट. हिरवं अंग, पिवळं-केशरी डोकं. १८१० मध्ये केंटकीत विल्सनने यातला एक किंचित जखमी पक्षी उचलला, त्याचं नाव ‘पोल’ ठेवलं आणि तो खिशात घालून शेकडो मैल जंगलातून प्रवास केला. पोल आपलं नाव ओळखायला शिकली, हाक मारली की उत्तर द्यायची. पुढे मिसिसिपीकाठी एका घराच्या ओसरीत विल्सनने तिचा पिंजरा टांगला, तेव्हा तिचं ओरडणं ऐकून वरून जाणारे थवे खाली उतरायचे, जवळच्या झाडांवर बसायचे आणि पिंजऱ्यातल्या पोलशी बराच वेळ त्यांचं संभाषण चालायचं. मग तिला सोबतीण म्हणून दुसरा पक्षी मिळाला. तो मेल्यावर पोल सैरभैर झाली. विल्सनने तिच्या बसायच्या जागेशी आरसा ठेवला, तेव्हा कुठे ती निवांत झाली.

दोनशे वर्षांपूर्वीच्या या नोंदींत सगळं आलेलं आहे. पोपट ओरडतो तेव्हा बहुतेक वेळा तो काही मागत नसतो, भांडतही नसतो. तो विचारत असतो: कुठे आहात? मी इथे आहे. पक्षिशास्त्रात याला संपर्काची हाक म्हणतात. दाट पानांत किंवा मोकळ्या आभाळात एकमेकांना न दिसणारे पक्षी या हाकेने बांधलेले राहतात. उत्तर आलं तर सगळं ठीक. उत्तर आलं नाही तर हाक मोठी होते, मग आणखी मोठी. जंगलात उत्तर न येण्याचा अर्थ एकच असतो, आपण एकटे पडलो. एकट्या पडलेल्या पोपटाला ससाणा उचलतो.

याच हाकेने कॅरोलिना पॅराकीटचा घातही केला. थव्यातला एक गोळी लागून पडला की बाकीचे त्याच्याभोवती घिरट्या घालत, ओरडत परत यायचे, आणि फळबागा राखणारे शेतकरी नि शिकारी त्यांना एकेक करून टिपायचे. जंगलतोडीसारखी इतर कारणंही होतीच. पिंजऱ्यातला शेवटचा पक्षी, ‘इन्काज’ नावाचा नर, फेब्रुवारी १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

आता त्या जागी दुसरे पोपट आले आहेत. आमच्या शिकागोतल्याच हाइड पार्क भागात १९७३ पासून अर्जेंटिनाकडचे हिरवे-राखाडी ‘मंक पॅराकीट’ रानात असल्यासारखे राहतात. पाळीव म्हणून आणलेले, पिंजऱ्यांतून सुटलेले. काड्यांची मोठमोठी घरटी बांधतात, बर्फातही तग धरतात आणि दिवसभर कलकलाट करतात. १९८८ मध्ये सरकारच्या कृषी खात्याने त्यांना हटवायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी कोर्टात जायची तयारी करून ते थांबवलं. झाडावरच्या कलकलाटासाठी माणसं भांडायला उभी राहतात. तोच आवाज भिंतीपलीकडून आला की तक्रारीचं पत्र येतं. त्यात शेजाऱ्यांचा दोष नाही. झाडावरच्या पोपटाला उत्तर द्यायला दुसरे पोपट असतात, म्हणून त्याची हाक थोडक्यात आटपते. घरातल्याला उत्तर देणारे फक्त आपण असतो.

आणि ही हाक म्हणजे नुसता ‘टॅ टॅ’ नव्हे. व्हेनेझुएलात कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या हिरव्या पॅरटलेटच्या घरट्यांत कॅमेरे बसवले. काही घरट्यांतली अंडी त्यांनी अदलाबदल करून ठेवली. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की पिल्लांच्या हाका जन्मदात्यांच्या नाही, तर वाढवणाऱ्यांच्या हाकांसारख्या होतात. म्हणजे आईबाप पिल्लाला घरट्यातच जणू एक नाव देतात, आणि पिल्लू ते थोडं बदलून आपलंसं करतं. हाक रक्तातून येत नाही, ती घरातून मिळते. पिल्लू दुसऱ्याच्या घरात वाढलं तर त्या घराची हाक शिकतं. हे वाचून मी आंब्याकडे पाहिलं. त्याला आमच्या घराची हाक अजून कुणी दिलेलीच नव्हती.

आता कामाचं सांगते. पोपटाला गप्प करायचं नसतं. तो गप्प होणारही नाही, आणि झालाच तर बहुधा आजारी असेल. करायचं असतं ते हे की छोट्या हाकेला ओ द्यायची, म्हणजे मोठी हाक मारायची वेळ त्याच्यावर येत नाही.

सगळ्यात आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. अचानक वाढलेल्या ओरडण्यामागे दुखणं असू शकतं. मग झोप पाहा. विषुववृत्ताजवळच्या या पक्ष्याला रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. आपल्या घरात रात्री अकरापर्यंत दिवे आणि टीव्ही चालू असतो, आणि अपुऱ्या झोपेचा पोपट चिडचिड्या पोरासारखा वागतो. खिडकीबाहेर ससाणा किंवा मांजर दिसतं का तेही बघा. ते ओरडणं धोक्याचं असतं. त्याकडे काणाडोळा करू नका. जवळ जा, त्याला दिसा, पडदा ओढा.

दुसरं काम वहीचं. सात दिवस तीन रकाने भरा: ओरडण्याच्या आधी काय झालं, किती वेळ ओरडला, नंतर काय झालं. युटा स्टेट विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझन फ्रीडमन यांनी पाळीव पोपटांच्या बाबतीत याच पद्धतीचा आग्रह धरला. पक्षी ‘हट्टी’ आहे, ‘सूड घेतो’, असली लेबलं बाजूला ठेवायची आणि आधी-नंतर काय होतं ते नुसतं पाहायचं. प्रयोगशाळेची वही लिहायची सवय इथे कामी आली. आंब्याच्या वहीत सातव्या दिवशी चित्र स्पष्ट होतं. बहुतेक ओरडणं मी नजरेआड झाल्यावर दहा सेकंदांच्या आत सुरू होत होतं, आणि त्याआधी तो एक छोटासा, खालच्या पट्टीतला ‘च्युप’ असा आवाज करत होता. हीच ती छोटी हाक.

तिसरं काम ओ देण्याचं. आपल्या घरांत मुलांना शिकवतात, हाक मारली की आधी ओ द्यायची, मग काय ते विचारायचं. इथे तेच करायचं. शेजाऱ्यांना चालेल असा एक शब्द किंवा शीळ निवडा. मी ‘ओ’ हाच शब्द घेतला. त्याने ‘च्युप’ केलं की दुसऱ्या खोलीतून लगेच, आनंदाने ‘ओऽ’. पहिले दिवस दाराआड पाच सेकंद जायचं, ओ देऊन परत यायचं, सूर्यफुलाचं एक बी द्यायचं. मग दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग एक भांडं घासून होईपर्यंत. घाई करायची नाही. ओरडायच्या आत उत्तर पोचलं पाहिजे, सगळी गंमत तिथे आहे.

चौथं काम सगळ्यात अवघड. नुसतं लक्ष वेधायला चाललेल्या ओरडण्याला काहीच उत्तर द्यायचं नाही. धावत जायचं नाही, पाहायचं नाही, ‘गप्प बस’ असं ओरडायचं तर मुळीच नाही. कारण तुम्ही ओरडलात की पोपटाच्या दृष्टीने थवा बोलला. पाणी उडवणं, पिंजऱ्यावर शिक्षा म्हणून चादर टाकणं यांनी फक्त भीती वाढते. हार्वर्डचे बी. एफ. स्किनर कबुतरांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट दाखवून गेले. ज्या वागण्याला कधी बक्षीस मिळतं, कधी मिळत नाही, तेच वागणं सगळ्यात चिवट होतं. जुगाराच्या यंत्रापुढे माणसं बसून राहतात ती त्यामुळेच. नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्यांदा धावत गेलात, तर पक्षी दहा वेळा ओरडायला शिकेल. घरात चार माणसं असतील तर चौघांचा नियम एक हवा. आणि हेही लक्षात ठेवा, विझण्याआधी ज्योत मोठी होते. सुरुवातीचे काही दिवस ओरडणं वाढतं. याच दिवसांत बहुतेक घरं हार मानतात.

म्हणून मी त्या दिवसांच्या आधीच खालच्या मजल्यावर गेले. तक्रार करणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका, एकट्या राहणाऱ्या. त्यांना सगळा बेत सांगितला, पुढचे दहा दिवस आवाज वाढेल हेही सांगितलं, आणि कुठल्या वेळी तो नक्कीच ओरडणार ते कागदावर लिहून दिलं. त्या म्हणाल्या, “कधी संपणार हे माहीत असलं की माणूस सोसतो.” व्यवस्थापनाला त्यांनीच कळवलं की महिनाभर वाट पाहू.

पाचवं काम म्हणजे पक्ष्याला उद्योग देणं. रानात पोपटाच्या दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात आणि सोलण्यात जातो. घरात वाटी भरलेली असते, पाच मिनिटांत जेवण संपतं, आणि उरलेला दिवस रिकामा. म्हणून खाणं कागदाच्या पुरचुंडीत बांधा, पुठ्ठ्याच्या नळीत कोंबा, मक्याचं कणीस सालीसकट टांगा. मी सकाळी निघताना अशा सात-आठ पुरचुंड्या पिंजऱ्यात लपवते. शेंगदाणे मात्र भाजलेले, बिनमिठाचे आणि मोजकेच. अ‍ॅव्होकाडो चुकूनही नाही. आणि स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफांनी पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, हे इथल्या प्रत्येक पोपटवाल्याला माहीत असलं पाहिजे. आमच्याकडे आता बिडाचा तवा आहे. धिरडी उलट चांगली होतात.

या पाचांपलीकडे जे उरतं ते मान्य करायचं. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला पोपट ओरडणारच. रानात त्या वेळी थवा जागा होतो किंवा झाडावर परततो, तेव्हा हजेरी घेतली जाते. आंब्याची संध्याकाळची हजेरी दहा-बारा मिनिटं चालते. ती खिडकी बंद करून, गाणी लावून, मी त्याच्यासोबतच साजरी करते. बाकी दिवसभराचं ओरडणं तीस दिवसांत संपलं नाही, पण वहीत निम्म्याहून खाली आलं. पुढच्या दोन महिन्यांत आणखी उतरलं. दुसरं पत्र आलं नाही.

या काळात माझ्या लक्षात आलं की ही पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे. इथे आलेल्या प्रत्येकाच्या घरी आई किंवा बाबा एक प्रश्न हटकून विचारतात: “पोचलीस का?” विमानतळावरून, लॅबमधून, बर्फाच्या वादळातून. उत्तर एका शब्दाचं असतं. ते वेळेवर गेलं नाही की दुसरा मेसेज येतो, मग मिस्ड कॉल, मग मामांचा फोन, मग बहिणीच्या सासरहून चौकशी. त्या वाढत्या आवाजाला आपण ‘आईची कटकट’ म्हणतो. आता रोज रात्री साडेआठला, तिकडे पुण्यात सकाळ झालेली असताना, आईचा फोन यायच्या आधी माझा ‘पोचले’ गेलेला असतो. मामांचा फोन बऱ्याच दिवसांत आला नाही.

यावर खरं संशोधनही झालं आहे. २०२३ मध्ये नॉर्थईस्टर्न आणि ग्लासगो विद्यापीठांतल्या संशोधकांनी १८ पाळीव पोपटांना घंटा वाजवून, टॅब्लेटवर दुसऱ्या पोपटाचं चित्र निवडून व्हिडिओ कॉल करायला शिकवलं. मालक शेजारी बसलेले, कॉल मोजके आणि छोटे. अनेक पक्ष्यांनी ठरावीक मैत्र जोडले, आणि जे जास्त फोन करायचे त्यांना जास्त फोन यायचे. संशोधक बजावतात की देखरेखीशिवाय हे करू नये, पक्षी घाबरला तर तत्काळ थांबावं. मी आंब्याला टॅब्लेट दिलेला नाही. आईचा फोन असला की तो पडद्यासमोर येऊन बसतो, ती पलीकडून “काय रे आंब्या?” म्हणते, आणि अलीकडे तो त्यावर घोगऱ्या आवाजात ‘ओ’ म्हणतो. खालच्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, हा पक्षी सारखा काय म्हणतो? मी अर्थ सांगितला.

माझा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतो. पुढची नोकरी कुठे लागेल, कुठल्या देशात, माहीत नाही. परदेशी पोपट भारतात घेऊन जाणं कुत्र्या-मांजरासारखं सोपं नाही. तेव्हा पोपट घेण्याआधी स्वतःला हे विचारा: माझ्यानंतर तो कुणाकडे जाईल, आणि त्या माणसाला त्याची भाषा कोण सांगेल? आंब्याबरोबर मला खाण्याची यादी मिळाली होती, डॉक्टरांचे कागद मिळाले होते. त्याच्या हाकांबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून मी आता तीन पानं लिहून पिंजऱ्याच्या पिशवीत ठेवली आहेत. कुठला आवाज भुकेचा, कुठला झोपेचा, ससाणा दिसला की कसा ओरडतो, संध्याकाळी किती वेळ चालतं. पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहिलं आहे: तो ‘च्युप’ करेल तेव्हा दुसऱ्या खोलीतून ‘ओ’ म्हणा. याचा अर्थ, मी इथेच आहे.